डब्याच्या झाकणातला एक थेंब

मी लवंगेचं तेल बोलतंय. हो, तेच! दाढ ठणकली की ज्याची आठवण होते ते. एरवी मला कोण विचारतंय?

वाळक्या कळ्यांना वाफ देऊन मला थेंब थेंब काढलं आणि बोटभर बाटलीत भरलं. एका बेकरीवाल्यांच्या सूनबाईंनी मला दाढेसाठी आणलं. पुढे दाढच काढून टाकली, आणि मी बसलं फळीवर धूळ खात.

तेवढ्यात बेकरीवर संकट आलं. डोंगरावरच्या वसतिगृहात दर सोमवारी आमचे केक जायचे, ते त्यांना आठवडाभर पुरवायचे असत. या खेपेला पाचव्याच दिवशी बुरशी धरली. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी फोनवर बजावलं, "पुन्हा असं झालं तर दुसरी बेकरी बघू." एवढं एकच मोठं गिऱ्हाईक, ते गेलं की भट्टी थंडच!

सासरे टिकाऊपणाची पावडर घालायला मुळीच तयार नव्हते. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, लवंगेच्या तेलापुढे बुरशीचं काही चालत नाही म्हणे. दोन थेंब घालून बघू या."

"दोन थेंबांनी काय होतंय? माझ्या हाताला अंदाज आहे!" असं म्हणत सासऱ्यांनी मिश्रणात अर्धी बाटली उपडी केली. अरे देवा!

केक फुगला झकास. पहिला घास सासऱ्यांनीच घेतला, आणि जीभ बधिर! चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाद घालता येईना.

सूनबाईंनी संधी साधली. नवा केक केला, पण मिश्रणाला मला शिवू दिलं नाही. कागदाच्या चिठोऱ्यावर माझा एकच थेंब टाकून तो झाकणाला आतून चिकटवला आणि डबा घट्ट लावून सोमवारी वसतिगृहात धाडला. नुसत्या वासानं बुरशीला अडवायचं होतं मला. मग काय! मी पाय रोवून पहाऱ्याला उभं राहिलं. पाय नाहीत म्हणून काय झालं!

सातव्या दिवशी सासरे स्वतः डोंगरावर गेले. झाकणाला चिकटलेलं मी सगळं बघत होतं. त्यांनी चष्मा लावून उरलेला केक उलटसुलट पाहिला. एक ठिपका असेल तर शपथ! स्वयंपाकीणबाईंनी तुकडा तोंडात टाकला. "छान आहे की! केला कुणी?"

जन्मभर "मीच!" म्हणणारा माणूस घसा खाकरून म्हणाला, "सूनबाईंनी. मी फक्त बिघडवला होता."

माझं नाव? छे, ते कुणीच घेतलं नाही! पण मी मुळीच रागावलं नाही. बाटलीत आता तळाशीच उरलंय. तेवढं झाकण मात्र घट्ट लावत जा हं. मी उडून गेलं, तर सोमवारच्या केकांची राखण कोण करणार?