डॉक्टरीणबाईंचा भरला डबा

मी एक जुना तीन पुडांचा डबा आहे. जुना म्हणा, पण भंगार म्हणाल तर मित्रांनो, गाठ माझ्याशी आहे! ताराबाई कापूस वेचायला जात, तेव्हा आदिलाबादच्या बाजारातून त्यांनी मला आणलं. माझ्यातली भाकर खाऊन त्यांची लेक उत्कर्षा डॉक्टर झाली. मग तिच्यासोबत मीही जैनथकडच्या एका सरकारी दवाखान्यात रुजू झालो. काय थाट माझा!

पण तिथं माझं झाकणच उघडेना. दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामी. एकटी उत्कर्षा तापाची लेकरं बघे, बाळंतपणं करी, वर कागद भरी. दारात रांग उभी असताना घास घ्यायची तिला लाज वाटे. संध्याकाळी मी भरलेलाच घरी. ताराबाई माझ्यावर खेकसत, "तिले जेवाले काऊन नाई देत रे?" मला हात असते तर भरवलं नसतं का!

अशात हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यानं तिला बोलावलं. ठरल्या वेळेची ड्यूटी, थंडगार खोली, खाली कँटीन. ती गेली असती, तर गाव डॉक्टरविना आणि मी माळ्यावर! एका दुपारी त्यांचा फोन येणार होता.

त्याच दुपारी उत्कर्षाला उभ्याउभ्या घेरी आली. टेबलावर मला तसाच भरलेला बघून रांगेतल्या जयवंताबाई कडाडल्या, "अवं, निंदताना एखादीच्या वाट्याची पात मागं राह्यली त आपण सगळ्या मिळून काढतो, मंगच जेवतो. या पोरीची पात कोन काढीन?"

मग काय! बायांनी सिस्टरला विचारून रांगच फिरवली. तापाची लेकरं पुढं, रोजच्या गोळ्यांवाले सिस्टरकडं. एका म्हातारीला जयवंताबाई म्हणाल्या, "तू उद्या ये वं, तुही कंबर काई पळून नाई जात!"

रांग सरली. व्हरांड्यात बायांच्या फडक्यांतल्या भाकरी सुटल्या. उत्कर्षाला मधोमध बसवलं आणि माझं झाकण निघालं. मी असा खणखणलो म्हणता! माझं वांगं साऱ्यांच्या भाकरीवर गेलं, त्यांचा ठेचा माझ्यात आला.

तेवढ्यात हैदराबादचा फोन. उत्कर्षानं साऱ्या बायांकडं पाहिलं आणि तोंडात घास ठेवूनच बोलली, "सर, खाना खा रही हूँ. नहीं आऊँगी."

"हळू खा वं माय," जयवंताबाई म्हणाल्या, "ठसका लागंन."

दुसरी जागा अजून रिकामीच आहे. पण दुपारी रांगच मला उघडायला लावते. मित्रांनो, दवाखान्यात गेलात तर आधी डॉक्टरांना विचारा, "जेवल्या का?" नाही म्हणाल्या, तर दोन घास होईतो थांबा. आणि लेकरू तापानं फणफणलं असेल, तर मला खुशाल बाजूला सारा. तेवढी अक्कल डब्यालाही असते!