छत्रीवालीचा दगड

मी एक जुना दगड आहे, असे तुम्हाला वाटावे म्हणून माणसांनी फार खटपट केली. मित्रांनो, ते खोटे आहे. कबरीवर उभा राहून मला अजून वर्षही झालेले नाही. राग दगडाला शोभत नाही, असे म्हणतात, असेलही. पण आज मी रागावूनच बोलणार आहे.

खाणीतून निघालो तेव्हा मी राखाडी रंगाचा एक ओबडधोबड तुकडा होतो. पाथरवटाच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभा असायचो. एके दिवशी एक बाई कामाच्या गणवेशातच आली. ती बस चालवायची. तिची आई नुकतीच गेली होती. आईचे छत्र्या दुरुस्त करायचे चिमुकले दुकान होते. वडिलांची कबर शहरातल्या ऐतिहासिक दफनभूमीत होती आणि आईलाही त्यांच्या शेजारीच जागा मिळाली होती. आता तिथे दगड हवा होता.

"मिस्त्री, वर एक उघडी छत्री कोरा," ती म्हणाली.

"कोरतो की ताई. दगडाची छत्री म्हणजे वाऱ्यानं उलटायची भीती नाही."

ती हसली आणि हसता हसता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तिची एक काडी मोडकी ठेवा. जगाच्या छत्र्या नीट केल्या, स्वतःची तेवढी तशीच वापरली."

"लोक मला नावं ठेवतील हो."

"ठेवू देत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

छत्रीखाली आईचे नाव आणि नावाखाली ती प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायची ते वाक्य: 'पाऊस थांबेपर्यंत बसा.'

पाथरवटाने जीव ओतून काम केले. छिन्नीचा घाव सोपा नसतो, मित्रांनो. पण अंगावर कुणाचे तरी नाव उमटत होते, म्हणून मी सोसला. आजूबाजूचे दुकानदार येऊन माझे कौतुक करून गेले.

मग दफनभूमीच्या समितीचे अध्यक्ष मला पाहायला आले.

"हा फार उठून दिसतोय," ते म्हणाले. "आमच्याकडे लोक जुनं बघायला येतात. फोटोत नवा दगड डोळ्यांत खुपतो. ॲसिड मारा, तारेचा ब्रश फिरवा. अक्षरं जरा पुसट झाली की झालं. वर दही फासा, शेवाळ धरेल."

"लेकीला एकदा विचारतो, साहेब."

"तिला काय विचारायचंय? दगड तिथे बसवायचा असेल तर हे करावंच लागेल."

आणि पाथरवटाने तिला विचारले नाही! ज्या हातांनी नाव कोरले, त्याच हातांनी तो ते घासू लागला. मला तळपाय नाहीत. नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. 'पाऊस' हा शब्द पार पुसट झाला, नावाचे पहिले अक्षर झिजले, तेवढ्यात लेक दारात येऊन उभी राहिली.

"मिस्त्री! हे काय चालवलंय?"

त्याने मान खाली घालून सगळे सांगितले. तिने त्याच्या हातातला ब्रश ओढून घेतला. "पुन्हा कोरा. पहिल्यापेक्षा खोल."

मला बसवायच्या दिवशी अध्यक्ष फाटकातच आडवे आले. "बाई, तुमच्या मिस्त्रीला आधी सांगितलं होतं ना? हा ऐतिहासिक परिसर आहे."

"साहेब, माझी आई यंदा गेली. तुम्ही तिला दोनशे वर्षांपूर्वी का मारताय?"

"आवाज खाली."

"का? इथं झोपलेल्यांपैकी कुणी तक्रार केलीय?" तिने पिशवीतून तोच तारेचा ब्रश काढून त्यांच्यापुढे धरला. "घ्या. तुमच्या हातानं पुसा. आधी तिचं नाव. मी बघते."

अध्यक्षांनी ब्रशकडे पाहिले, माझ्यावरच्या नावाकडे पाहिले. त्यांचा हात काही पुढे आला नाही. ते बाजूला झाले.

पण खोड गेली नाही. आठवड्यातच त्यांनी माझ्यासमोर एक दाट झुडूप लावले, फोटोत मी येऊ नये म्हणून! लेक दर रविवारी त्याच्या फांद्या हाताने बाजूला करते आणि आईचे नाव ओल्या फडक्याने पुसते.

मित्रांनो, आमच्याकडे आलात तर तुम्हीही फांदी बाजूला करून ते नाव वाचा. आमच्यावर ॲसिड ओतू नका, तारेने घासू नका. ऊन, वारा, पाणी आपापले काम करतीलच. मी त्यांना अडवणार नाही. मलाही म्हातारे व्हायचे आहे. पण त्या लेकीच्या बरोबरीने, तिच्या आधी नाही.