चिंचेभोवती एक चक्कर

मैत्रीनं वळणीवरची लुगडी बाजूला सारली आणि त्याच दोरीला पाणी भरून दोन तांबे टांगले. एक धड, एक बुडाला भोक पडलेला.

"गळका म्हंजे मी व्हय गं?" तानुबाईनं पायरीवरूनच विचारलं. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप होतं.

"आज्जी, गप ऐक की. परवा बंगळूरला परीक्षक हेच विचारणार. एक्सेप्शनल पॉइंट म्हणजे काय, साध्या भाषेत सांगा."

मागच्या आठवड्यात सरावालाच मैत्रीची वाचा बसली होती. पाच वर्षांचं संशोधन, वह्याच्या वह्या गणितं, आणि साध्या भाषेत म्हटल्यावर तोंडातून शब्द फुटेना. सर म्हणाले, निपाणीला जा, आज्जीला समजावून ये. सरांना ही आज्जी कुठं ठाऊक!

मैत्रीनं एक तांब्या ढकलला. दोरी हलली, तसा दुसराही डुलायला लागला.

"झुलायच्या तऱ्हा दोन. एक जोडीनं, एक उलटसुलट. ह्या तांब्यातनं पाणी गळतंय, त्यातनं न्हाय. आमच्याकडं पाण्याच्या जागी उजेड गळतो, एवढंच. गळती वाढवत नेली की एक जागा अशी येते, तिथं दोन तऱ्हा उरतच नाहीत. सारख्या दिसतात असं न्हाय, एकच होतात. आणि त्या जागेभोवती एक चक्कर मारून आलं, की हिची ती होते, तिची ही. दोन मारल्या तर परत हिची ही, तिची ती."

तानुबाईनं दाणे तोंडात टाकले. "एवढ्यासाठी बंगळूरला गेलतीस? बोरगावच्या वाटंवरच्या चिंचेला इचारायचं."

"झाल्या थापा सुरू."

"थापा कसल्या? लई मोठी चिंच. तिच्या सावलीतनं भाईर पडायला बैलगाडीला दुपार लागायची. मी नि जया जुळ्या. बानं एकीचंच नाव शाळंत घातलं. दुसरी वखारीत, तंबाखू निवडाय. रोज सकाळी दोघी चिंचेला एक चक्कर मारायचो. कालची शाळंतली आज वखारीत, वखारीतली शाळंत. मास्तरला वाटायचं, पोरगी एकच. एक दिस हुशार, एक दिस ढ."

मैत्रीला हसू आवरेना. "ढ कोण?"

"ती." तानुबाईनं दारातून आत, भिंतीवरच्या जयाच्या फोटोकडं बघितलं. "आता ती कुठं न्हाय म्हणाय येत्या!"

"आणि सातवीच्या परीक्षेला कोण बसलं?"

तानुबाईनं हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

"आदल्या दिशी शाळंत मी. म्हंजे परीक्षेला पाळी तिची. तर चिंचेपाशी म्हणली, तानू, आज दोन चक्करा मारू. गणिताचा पेपर हाय, गणित तुला येतंय."

"येत होतं?"

"तिलाच येत हुतं, पोरी. तरी पेपराला मला बसवलं."

गळका तांब्या रिकामा झाला होता. दोरी अजून हलत होती.

मैत्रीनं उगीच लॅपटॉप उघडला. प्रबंधाचं पहिलं, अर्पणाचं पान छापायचं राहिलं होतं. "आज्जी, हे बघ, तुझं नाव घातलंय. सातवी शिकून सगळ्या घराला शिकवणाऱ्या तानुबाईस."

तानुबाई उठली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात घडीवर फाटलेला एक कागद होता. सातवी पास. हा कागद घरात आहे हे मैत्रीनं जन्मभर ऐकलं होतं, पाहिला कधी नव्हता. नावाच्या जागी शाईनं लिहिलं होतं: जया देवाप्पा.

"हेच घाल. शाळंत नाव तिचंच हुतं, पास ती झालीया." तानुबाईनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "आन त्यो तांब्या उतरीव, मला पाणी तापवायचंय. धड हाय त्यो, गळका न्हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला परीक्षकांनी पहिलं पान उलटलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं,

"ह्या जयाबाई कोण?"

"माझी आज्जी," मैत्री म्हणाली, आणि फळ्याकडं वळून तिनं एक झाड काढलं.