झालेली गोधडी

चौकशीबाईंनी छोट्या सुरीचं टोक टाक्याखाली सारलं, मनगट किंचित उचललं आणि टच् असा आवाज झाला. मग मधले दोन टाके सोडून पुढचा. टच्. अशी वीतभर ओळ तोडून झाल्यावर त्यांनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढलं, तसा मशीनचा पांढरा दोरा सरसरत बाहेर आला आणि टेबलावर वेटोळं करून पडला. त्या लांबलचक हॉलमध्ये बाकी सगळ्या बायका टाके घालत होत्या. या एकट्याच काढत होत्या.

शेजारच्या खुर्चीवरच्या डॉक्टरबाईंना राहवेना. त्या दातांच्या डॉक्टर. वर्षभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं आणि पाच दिवस इथे येऊन गोधडीवर वाकायचं, असा त्यांचा क्रम होता.

"अहो, काय करताय हे? चांगली झालेली गोधडी आहे."

"झालेलीच उसवतेय. न झालेली कशी उसवणार?"

"पण किती सुबक आहे!"

"आहे ना? मला नकोय."

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली ओढून पाहिलं. गोधडीत नाव ठेवायला जागा नव्हती. टाका न् टाका सारखा, ओळ न् ओळ सरळ, कडेची पट्टी चारी कोपऱ्यांत चपखल बसवलेली. दुकानात टांगली असती तर हातोहात गेली असती. डॉक्टरबाईंच्या तोंडून एक चुकचुकाट निघालाच.

चौकशीबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत त्यांनी अख्खी नोकरी काढली. खिडकीशी आलेला प्रत्येक माणूस घाईत असायचा. "बाई, लवकर सांगा" म्हणायचा आणि सांगितलं की पुन्हा तेच विचारायचा. निवृत्त झाल्यावर त्यांना या गोधडीच्या शिबिराचा पत्ता लागला. सुट्टीत रिकामं पडणारं एका शाळेचं वसतिगृह, समोर रस्ता, मागे टेकडी, आणि शिबिर चालवणारी एक निवृत्त नर्स, जिला सगळ्या अजून सिस्टरच म्हणत. सिस्टरचे नियम मोजके. मशीन आणायचं नाही, आणि "किती झालं?" हे कुणी कुणाला विचारायचं नाही. पहिल्या वर्षी हा दुसरा नियम ऐकून चौकशीबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी पुढच्या वर्षीची खाट तिथल्या तिथे सांगून ठेवली.

गोधडी सात वर्षांपूर्वी इथेच सुरू झाली होती. खाली जुने पडदे, वर सुती कापडाचे तुकडे, त्यात त्यांच्या गणवेशाचे निळेही. कडेपासून सुरुवात करून आत आत फिरत जाणारा निळा धावदोरा. मधोमध उशीएवढी जागा तेवढी उरली होती. घरीही त्या अधूनमधून शिवत, पण घरी दर चार टाक्यांमागे कुणीतरी हाक मारायचं. इथे चहा समोर येऊन थंड व्हायचा आणि कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही. दोरा कापडातून ओढला जाताना होणारा बारीक आवाजसुद्धा इथे ऐकू यायचा.

मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर त्या लेकीकडे राहिल्या, गोधडी घरच्या कपाटात राहिली. परत आल्यावर वाढदिवसाला लेकीनं आणि नवऱ्यानं मिळून त्यांच्या पुढ्यात फीत बांधलेला मोठा खोका ठेवला. आत त्यांचीच गोधडी. पूर्ण झालेली.

"सरप्राइज!" लेक ओरडली. "बाबांची आयडिया. मशीनवर एका दुपारात झाली, आई! तू सात वर्षं घासत होतीस."

त्या दिवसाचा फोटो आहे. त्यात चौकशीबाई हसताहेत, पण बघणाऱ्याला वाटावं, बाईंचा दात दुखतोय.

त्यांचे यजमान कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती मिनिटं उशिरा आला, हे पाहण्यात त्यांची हयात गेली. दोन वर्षांपूर्वी तेही निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरातल्या कुकरपासून कचरागाडीपर्यंत सगळ्यांच्या वेळांवर त्यांची नजर असे. फोटो काढून झाल्यावर त्यांनी समाधानानं हात चोळले.

"सुटलीस एकदाची. आता ती शिबिराची कटकट नाही. पाच दिवस घरीच निवांत."

तेव्हा चौकशीबाईंच्या डोक्यात उजेड पडला. भेट कसली, साखरेत घोळून दिलेली गोळी होती. आपल्याला दरवर्षी घराबाहेर नेणारं एकमेव निमित्त या माणसानं फीत बांधून संपवून टाकलं होतं. शिबिराच्या आदल्या दिवशी त्यांनी बॅग काढली आणि गोधडीची घडी घालून आत कोंबली.

"आता काय शिवायला चाललीस?" टाइमकीपरनी विचारलं.

"उसवायला."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी."

"भिंत माझी, तुंबड्या माझ्या. तुमचं काय जातंय?"

लेकीचाही फोन आला. "आई, बाबांनी किती हौसेनं केलं गं. नुसतं छान म्हणायचं असतं अशा वेळी."

"म्हटलं की. फोटोत म्हटलंय."

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी टाइमकीपरचा फोन आला. चहाची पूड कुठेय? मागच्या वर्षी हाच प्रश्न साखरेचा होता. "खिडकी बंद आहे," असं सांगून चौकशीबाईंनी फोन बॅगेत टाकला आणि पुन्हा सुरी हातात घेतली. डॉक्टरबाई हसल्या. आता त्याही मधूनमधून मदत करू लागल्या होत्या. अडकलेला दोरा उपटायची त्यांची एक लकब होती, रुग्णाला कळायच्या आत दात काढावा तशी.

मधल्या, त्यांच्या हातून राहून गेलेल्या जागेपासून उसवत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मांडीवर मावेल एवढा भाग मोकळा झाला. मशीनचा पांढरा दोरा निघाला की खालचे आपले निळे टाके दिसतील, असा चौकशीबाईंचा हिशेब होता. त्यांनी कापडावरून हात फिरवला, मग कापड उजेडात धरलं, मग डोळे पुसले. ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर त्यांचा अजून पुरता विश्वास नव्हता.

"जरा बघता का?"

डॉक्टरबाईंनी नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. "निळा दोरा नाहीये इथे. नुसती भोकं आहेत. कुणीतरी आधी तुमचे टाके काढलेत आणि मग मशीन मारलंय."

आसपासच्या दोनतीन बायकांच्या सुया थांबल्या. आता बाई रडतील असं वाटून सिस्टर पाण्याचा ग्लास घेऊन उठल्या. चौकशीबाईंना रडू आलं नाही. त्यांना असा संताप आला की कानशिलं तापली. सात वर्षं! एवढे टाके वर मशीन चालवून झाकले असते तर एक वेळ समजलं असतं, पण हे शोधून शोधून काढलेले होते.

"राहू द्या मग आता," सिस्टर हळूच म्हणाल्या. "बाकीची उसवून काय हाती लागणार?"

"काही नाही लागणार," चौकशीबाई म्हणाल्या. "पण माझे टाके नाहीत ना त्यात, मग दुसऱ्या कुणाचेही राहणार नाहीत." आणि त्यांनी पुढची ओळ धरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या बसनं टाइमकीपर आले. हातात औषधाची एक पट्टी होती.

"गोळ्या विसरलीस."

"माझ्या गोळ्या माझ्या बॅगेत आहेत. या कसल्या आहेत?"

त्यांनी पट्टी उलटीपालटी करून पाहिली. ती त्यांच्याच पित्ताची होती. ती खिशात घालून ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. तीन दिवसांत दाढीची खुंटं वाढली होती आणि शर्टाचं बटण एक घर चुकून लागलं होतं. चौकशीबाई गोधडी घेऊनच बाहेर आल्या आणि ती त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर पसरली.

"माझे टाके कुणी काढले?"

टाइमकीपरनी भोकांच्या ओळीवर बोट ठेवलं. "मशीनवाला म्हणाला, हाताचे टाके खाली राहिले तर चुण्या पडतील. काढून आणा म्हणाला."

"मग?"

"मग मी काढले."

"तुम्ही?"

"तू लेकीकडे होतीस ना. दुपारी बसायचो खिडकीशी. नखं कापायची ती छोटी कात्री घेऊन." ते अडखळत बोलत होते. "पहिले दोन दिवस जीव नकोसा झाला. मग बरं वाटायला लागलं. चार कधी वाजायचे, पत्ता लागायचा नाही."

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची मिनिटं मोजली, तो हे सांगत होता.

"काय बारीक टाका आहे गं तुझा," ते पुढे म्हणाले. "काही काही तर सुईनं उचलून घ्यावे लागले. आणि एका जागी एकदम लाल दोरा होता. बोटभरच. तो कशाला?"

"निळा संपला होता."

"असं होय. मला वाटलं, काही तरी असेल."

आतल्या बायका खिडकीपाशी आल्या नव्हत्या, पण हॉलमध्ये एकदम जी शांतता पसरली होती ती काही शिवणकामाची नव्हती. चौकशीबाईंना नवऱ्याची दया आली आणि ती आली म्हणून त्यांना जास्तच राग आला.

"सात वर्षं तुमच्या शेजारी बसून शिवत होते. एकदा तरी मान वळवून बघितलंत? टाका बारीक आहे हे कळलं केव्हा, तर उसवायला बसल्यावर!"

"चुकलं."

"चुकलं नाही. मजा आली तुम्हाला."

टाइमकीपरनी मान खाली घातली. "आली," ते म्हणाले. "पण संपलं ना ते. आणि तू इथे. पाच दिवस घर नुसतं खायला उठतं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "चलतेस का घरी?"

"नाही."

मग चौकशीबाई आत गेल्या, टाके तोडायची सुरी घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"घ्या. मशीनचे अजून खंडीभर आहेत. घरी न्या आणि उसवा. एकही ठेवायचा नाही. कापड फाटलं तर मी बघेन तुमच्याकडे. सगळं मोकळं झालं की मला परत द्या, मग मी पुन्हा पहिल्यापासून घालेन."

"पहिल्यापासून? म्हणजे परत सात वर्षं?"

"लागतील तेवढी. आणि आता इथे रिकामी बसणार नाही मी. सिस्टरकडून कापड घेऊन दुसरी धरते आहे."

"म्हणजे दोन?"

"तुमच्या कृपेनं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, एवढं टाइमकीपरना कळलं असावं, कारण त्यांनी वाद घातला नाही. सुरी त्यांनी अंगठ्यावर टेकवून पाहिली. मग विचारलं, "कधीपर्यंत हवीय?"

"घाई नाही."

त्यांनी गोधडीची घडी घातली. ती नीट जमली नाही, पण चौकशीबाईंनी हात लावला नाही. बगलेत ते गाठोडं धरून टाइमकीपर फाटकाबाहेर पडले आणि समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले. चौकशीबाई आत आल्या. सिस्टरनी न विचारताच पांढऱ्या कापडाचा एक मोठा तुकडा त्यांच्या टेबलावर आणून टाकला होता. त्याच्या कडा जुळवण्यात, खाली-वर करण्यात, तुकडे निवडण्यात बराच वेळ गेला. दोरा ओवताना तो दोनदा नेढ्याबाहेर गेला. तिसऱ्यांदा गेला आत.

तेवढ्यात खिडकीतून बाहेर बघत डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या साहेबांची बस गेली की!"

चौकशीबाई उठून खिडकीशी गेल्या. थांब्यावर बाकी कुणी नव्हतं. टाइमकीपर बाकावर बसले होते, गोधडी मांडीवर पसरून निम्मी जमिनीला टेकली होती, आणि चष्मा कपाळावर चढवून, जिभेचं टोक ओठात धरून ते एकेक टाका तोडत होते. गेलेल्या बसचा धुरळा अजून खाली बसला नव्हता. त्यांनी मान वर केली नाही.

"उन्हात बसलेत बिचारे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत बोलावू का?"

"मुळीच नाही."

"अहो, पण..."

"तिथे बरे आहेत. आत आले की मला चहा कुठेय विचारतील."

त्या आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि कापडाच्या कडेला त्यांनी पहिला टाका घातला. तो जरा तिरका आला. त्यांनी तो तसाच ठेवला आणि दुसरा घातला.