आरंभरेषेवरचा ठिपका

परीक्षकांनी लाल पेनाने फुली मारली आणि ती उत्तरपत्रिका ढिगाच्या तळाशी सरकवली. चोवीसपैकी तेवीस पास, एक नापास. नापास झालेल्या मुलीची ही तिसरी खेप होती आणि चौथी कुणालाच मिळत नसे. निकालाची वाट बघत ती बाहेर जिन्यात बसली होती.

“हिचा ॲस्पार्टिक आम्लाचा ठिपका म्हणे जागचा हललाच नाही,” परीक्षक विभागप्रमुख मॅडमना म्हणाले. “इतकं सोपं होतं हो.”

कोपऱ्यातल्या बेसिनपाशी बाटल्या विसळणाऱ्या काकांचा हात थांबला. काका म्हणजे एकतीस वर्षं या प्रयोगशाळेत बफर, म्हणजे ठरलेल्या आम्लतेची द्रावणं, बनवणारा माणूस. पाठीमागे पोरं त्यांना बफरकाका म्हणत, आणि काका ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. शनिवारी त्यांचा निरोपसमारंभ होता. काकांच्या बफरमध्ये बोट ठेवायला कधी जागा नसायची, असं कुणीतरी बोलणारच, हे धरून ते मनातल्या मनात चार दिवस लाजून घेत होते.

प्रयोग सोपा होता हे खरंच. अमिनो आम्लात धन भाराची एक बाजू आणि ऋण भाराची एक. द्रावण आम्लाकडे झुकलं की धन बाजू वरचढ होते, उलट्या दिशेला झुकलं की ऋण. मधे कुठेतरी असा एक पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, असतो की दोघी बरोबरीत सुटतात, आणि मग कितीही वीज सोडा, ते आम्ल ढिम्म हलत नाही. हा पीएच ज्याचा त्याचा वेगळा. पोरांनी ओल्या कागदी पट्टीच्या मधोमध आखलेल्या आरंभरेषेवर शेजारी शेजारी तीन आम्लांचे ठिपके द्यायचे, वीज सोडायची, मग पट्टीवर औषध फवारून ती तापवायची, की जांभळे ठिपके उमटतात. सहा पीएचच्या बफरमध्ये लायसिन ऋण टोकाकडे पळतं, ॲस्पार्टिक धन टोकाकडे, आणि ॲलॅनिन रेषेवरच राहतं. पुस्तकात तशी आकृतीच आहे.

काकांनी हात पुसले आणि कचऱ्याची बादली पुढे ओढली. वापरून टाकलेल्या पट्ट्या तिच्यातच होत्या. एकेक उलगडून त्यांनी त्या टेबलावर मांडल्या. चोवीसच्या चोवीस पट्ट्यांवर धन टोकाची बाजू कोरी होती. ॲस्पार्टिकचा ठिपका आरंभरेषेवर ठाण मांडून बसला होता, आणि तोही एकीच्या नाही, सगळ्यांच्या.

मग त्यांची नजर मीटरच्या ट्रेकडे गेली. पीएच मोजायचा मीटर जुना, रोज सकाळी जुळवावा लागणारा. त्यासाठी ट्रेमध्ये दोन कप असत, डावीकडे चार पीएचचं द्रावण, उजवीकडे सातचं; हव्या त्या बफरला जवळच्या एकाच कपात मीटर जुळवायचा, सहासाठी सातच्या. दोन्ही पाण्यासारखी, आणि कपांवर काका चिठ्ठी लावत नसत. एकतीस वर्षं डावं ते डावं, चिठ्ठी कशाला? आज सकाळी टेबल पुसून त्यांनी ट्रे परत ठेवला होता. उलटा ठेवला असणार. चारच्या द्रावणात बुडवून त्यांनी मीटरला ते सात म्हणून पढवलं, आणि त्यानंतर मीटरने सहा दाखवलं तेव्हा बफर होतं तीनचं. तरीच आज आम्ल नेहमीपेक्षा जास्त ओतावं लागलं होतं. काकांनी त्याबद्दल आम्लाच्या नव्या बाटलीला दोन शिव्या हासडल्या होत्या. आणि तीनच्या आसपास हलत नाही ते नेमकं ॲस्पार्टिकच.

पट्ट्या गोळा करून परत बादलीत टाकल्या असत्या तर पाचला सफाईवाली बाई बादली घेऊन गेली असती. शनिवार छान पार पडला असता. काकांना हे सुचलं, आणि सुचल्याची त्यांना लाज वाटली. पट्ट्या उचलून ते मॅडमच्या टेबलापाशी गेले.

“बफर चुकलं. माझ्या हातून चुकलं.”

मॅडम एके काळी याच खोलीत काकांच्या बफरवर शिकलेल्या. त्यांनी पट्ट्या परीक्षकांपुढे सरकवल्या. परीक्षकांनी बाकीच्या तेवीस उत्तरपत्रिका पुन्हा उघडल्या. प्रत्येकीत ॲस्पार्टिकचा बाण झोकात धन टोकाकडे निघालेला होता. पोरांनी समोर बघितलं एक आणि पुस्तकातलं उतरवलं दुसरंच. परीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले, मग तळातली उत्तरपत्रिका वर घेतली आणि लाल फुली खोडली.

तेवीस जणांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागणार होती. मॅडम हळूच म्हणाल्या, की कारण लेखी द्यावं लागेल, तुमच्या सहीनिशी. काकांनी तीन ओळी लिहून खाली सही केली. कान तापले होते, पण अक्षर नेहमीसारखं नीट आलं. मुलीला मीच सांगतो, एवढं म्हणून ते बाहेर आले.

जिन्यात त्यांनी तिला सगळं सांगितलं. तू पास झालीस, तुझं बरोबर होतं, बफर मीच चुकवलं होतं. मुलगी हसली नाही की रडली नाही. तिने वहीच्या पानांतून पीएच बघायच्या कागदाचा एक कपटा काढला.

“मी बुडवून पाहिला होता, काका. तीन दाखवत होता.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, कागदच जुना असेल,” ती म्हणाली. “बफर तुमचं होतं ना.”

 काका तिच्या शेजारी पायरीवर बसले.