शून्य मिलिमीटर

मी वीतभरसुद्धा नसलेली, कडांना पिवळी पडलेली एक जुनी प्लॅस्टिकची पट्टी आहे. मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या पट्ट्यांनी रेघा ओढतात, मी मात्र हातावरची सूज मोजते. क्षयरोगाच्या चाचणीत कोपराखाली औषधाचा थेंब टोचतात. अंगात रोगांशी लढणाऱ्या शिपायांची त्या रोगाशी आधी गाठ पडली असेल, तर ते तिथे धावतात आणि दोन-तीन दिवसांत ती जागा फुगते.

एका संशोधनासाठी विजया सिस्टर मला घेऊन डोंगरकडा गावाला जाऊ लागल्या. सुरुवातीला माझी मिजास काही विचारू नका. मी दाखवलेला आकडा मोठे डॉक्टर वाचायचे.

तिथल्या संतरामआजोबांना क्षयरोग निघाला, म्हणून घरातल्या सगळ्यांची चाचणी झाली. तिसऱ्या दिवशी नातू स्वप्निलच्या हातावर मी बारा मिलिमीटर दाखवले. त्याच्या बहिणीच्या, नऊ वर्षांच्या सृष्टीच्या हातावर काहीच नव्हते. तो हात इतका बारीक होता, की मला नीट टेकताही येईना.

नातीचा हात साफ निघाला म्हणून आजी द्वारकाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सिस्टर म्हणाल्या, "आजी, लेकरू लई अशक्त हाय. अंगात ताकदच नसली तर रोग असूनबी हात फुगत न्हाई. हिला दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढा."

"हात साफ हाय की तिचा," द्वारकाबाई म्हणाल्या. "ज्याचा फुगला त्याला जपायचं का हिला?"

स्वप्निलला गोळ्या सुरू झाल्या आणि त्याला हट्टा गावी मामाकडे धाडले. सृष्टीला मात्र आजोबांच्या उशाशी बसवले. पाणी देणे, थुंकीचे भांडे बाहेर नेणे तिच्याकडे आले, कारण तिला काही झालेले नाही अशी साऱ्या घराची खात्री होती. सिस्टर दोनदा सांगून आल्या. सोयाबीन निघाले की नेऊ, असे उत्तर मिळाले.

फोटो निघाला तेव्हा दोन्ही फुप्फुसे पोखरली होती. आजोबा औषधाने सावरले. सृष्टी दिवाळीनंतर गेली.

"तुमच्या पट्टीनं तर काही न्हाई म्हनलं होतं," द्वारकाबाई एवढेच बोलल्या. मला फार वाईट वाटले. मी खोटे बोलले नव्हते, पण त्याचा आता कुणाला काय उपयोग?

मित्रांनो, माझा आकडा वाचाल तेव्हा त्या लेकराच्या तोंडाकडेही बघा. मी हे प्रत्येक घरी मनातल्या मनात सांगते. काल जवळा बाजार गावात एका लेकराच्या बारीक हातावर पुन्हा शून्य आले. सिस्टर समजावून सांगत होत्या. त्याची आई ऐकत नव्हती, ती हसत होती.