म्हशीमार्फत

विहिरीतला गाळ काढायला धाकटा शिडीवरून उतरायला लागला आणि सातव्या पायरीसकट तळाशी पोचला. शिडी उभी चिरली. हाडं शाबूत राहिली, पण वर यायची सोय संपली. त्यात भर म्हणून हातातली पहार नेमकी झऱ्याच्या तोंडावर बसली आणि दोन महिने दाद न देणारा झरा त्याच घटकेला मोकळा झाला.

"कोणी आहे का?" त्यानं हाक मारली.

कोण आहे ते त्याला ठाऊक होतं. काठालगत थोरला भाऊ मिरच्या तोडत होता. पण अकरा वर्षं बोलणं बंद, त्यामुळे हाक मोघम मारावी लागली.

दोघांचा संसार म्हशीमार्फत चालायचा. पाण्याची पाळी, पाहुण्यांचं येणं, नातलगांचं जाणं, सगळं म्हशीला सांगायचं आणि दुसऱ्यानं कान द्यायचा. आधीची म्हैस मेली तेव्हा नवी येईपर्यंत तीन आठवडे घरात निरोप तुंबले होते.

भांडण तुतीच्या झाडाचं. धाकट्यानं बांधावर लावलेलं झाड थोरल्यानं तोडलं. कांद्यावर सावली पडते म्हणाला.

आता थोरला वर्षभर क्षमेच्या वर्गाला जात होता. दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये अहंकार सोडायचा आणि उभं राहून कुणाला तरी माफ करायचं. थोरल्यानं धाकट्याला तेवीस वेळा माफ केलं होतं, तेही माइकवर. कशाबद्दल, ते एकदाही सांगितलं नव्हतं. त्यामुळे यानं एवढं काय केलं असेल, अशा नजरेनं गाव धाकट्याकडे बघू लागलं होतं.

थोरला विहिरीत डोकावला आणि शेजारी चरणाऱ्या म्हशीकडे वळला. "बघ गं बाई, उतरण्याआधी शिडी हलवून बघावी, एवढी अक्कल नसते लोकांना."

"त्याला सांग गं, शिडी त्याच्याच वाटणीची आहे," धाकटा खालून म्हशीला म्हणाला.

थोरल्यानं मुकाट्यानं दोर सोडला, दुसरं टोक म्हशीच्या गळपट्ट्याला बांधलं. "काखेतून घेऊन गाठ मार म्हणावं."

धाकट्यानं दोर हातात धरला. पाणी मांड्यांना लागलं होतं. "त्याला आधी तुतीचं बोलू दे."

"त्याला माफ केलंय म्हणावं. तेवीसदा."

"झाड माझं, कुऱ्हाड त्याची, आणि माफ मला?"

"मरशील की रे," थोरला म्हशीला म्हणाला.

"मग चोविसाव्यांदा माफ करायला मोकळा."

वस्ती दीड मैलावर. माणसं घेऊन येईपर्यंत पाणी गळ्याला आलं असतं. एक विहिरीत अडकला होता, दुसरा काठावर. थोरला उठला, बसला, परत उठला. माफी द्यायचा त्याचा हात बसला होता. मागायचं वर्गात अजून आलं नव्हतं. पाणी कमरेच्या वर गेलं तेव्हा तो म्हशीच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही म्हणावं."

थोरला चिखलात पालथा पडला. बोलला म्हशीलाच, पण तोंड विहिरीत घालून. "कांद्यावर सावली पडत नव्हती. येणारा जाणारा त्याच्या तुतीखाली टेकायचा, माझ्या ओट्यावर कोणी थांबायचं नाही. बघवलं नाही मला. चुकलं माझं."

 मग दोराला हिसका बसला. गाठ मारली होती. म्हैस चालू लागली.

रविवारी धाकटाही वर्गाला गेला. जीव वाचवणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. थोरल्यानं सव्वा तास अहंकार कसा सोडला ते सांगितलं. त्यात विहीर होती, दोर होता, चिखल होता. तुती नव्हती. शेवटी त्यानं भावाला चोविसाव्यांदा माफ केलं.

टाळ्या पडल्या. सगळा हॉल मागे वळून धाकट्याकडे बघू लागला. उठून चार वाक्यं बोलला असता तर हिशेब मिटला असता, पण साक्षीला फक्त म्हैस. शिवाय त्यानं वर बघितलं तर थोरला माइक घट्ट धरून उभा होता, आणि पाणी त्याच्याच गळ्याला लागल्यासारखा दिसत होता. धाकटा बसून राहिला.

घरी जाताना थोरला चार पावलं पुढे होता.

"दादा," धाकटा म्हणाला, "तो दोर उन्हात टाक. ओला राहिला तर कुजेल."

थोरल्यानं वळून पाहिलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. म्हैस तर गोठ्यात बांधलेली होती.